काजूची बी: मोझांबिकची आणि मोखाड्याची

(वार्षिक कार्यकर्ता मेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



मला दिलेला विषय पत्रिकेवर छापला आहे, 'बदलता जागतिक व्यापार आणि दुर्गम भागाचा विकास'. तो वाचून मी कार्यवाहांना म्हटलं, यासाठी एखादे प्राध्यापक बोलवा. मी आयुष्यभर काजूची बी विकत घेतली, बाकी मला काही येत नाही. ते म्हणाले, मग बीवरच बोला. तेव्हा मी बीवर बोलतो. शिवाय आज संध्याकाळच्या बैठकीत आपल्या काजू केंद्राचं काय करायचं ते ठरायचं आहे. केंद्र मोठं करायचं, आहे तसं ठेवायचं, की कुलूप लावायचं? त्या बैठकीच्या आधी माझ्या मनातलं तुमच्यापुढे ठेवलेलं बरं.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही सावध राहाल.

मागच्या उन्हाळ्यात आपल्या गटातल्या चौदा जणींनी बँकेचं कर्ज काढून आजूबाजूच्या पाड्यांवरची बी विकत घेतली. व्यापाऱ्यापेक्षा दोन पैसे जास्त दिले. मार्चमध्ये भाव चढा होता. बाया मला म्हणाल्या, भाऊ, फोडून लगेच विकू का? मी म्हटलं, थांबा, दिवाळीच्या आधी मिठाईवाल्यांची मागणी निघते, तेव्हा गराला भाव येईल. तसा तो बहुतेक वर्षी येतो. पण पावसाळ्यात आपल्या गोदामाच्या एका कोपऱ्यात ओल आली, काही पोत्यांना कीड लागली, आणि बाजारही खाली आला. ज्या व्यापाऱ्याने तोंडी शब्द दिला होता त्याने फोन उचलणं बंद केलं. शेवटी माल खरेदीच्या भावाखाली गेला. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. गटातल्या एका बाईने हप्त्यासाठी दिवाळीनंतर वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतली. तिची वाडी लागल्यापासून तीन वर्षं ती भट्टीवर गेली नव्हती. ती आज इथे नाही, भिवंडीकडे आहे.

हा सल्ला माझा होता. बायांचा नव्हता.

आता मोझांबिक. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा देश. काजूचं झाड मूळ ब्राझीलचं. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात गोव्यात आणलं, तसंच मोझांबिकलाही नेलं. म्हणजे आपला आणि त्यांचा काजू एकाच घरातून आलेली भावंडं म्हणायला हरकत नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काजू पिकवण्यात मोझांबिक जगात पहिला होता. वर्षाला दोन लाख टनांच्या पुढे बी निघायची. देशात फोडणीचे मोठे कारखाने होते. १९७५ला स्वातंत्र्य मिळालं, पोर्तुगीज निघून गेले, आणि १९७७पासून १९९२पर्यंत यादवी युद्ध चाललं. लोक झाडं सोडून पळाले. नवी लावण बंद झाली. बाजाराला माल नेणार कोण, रस्त्यावर सुरुंग पेरलेले. युद्ध थांबलं तेव्हा झाडं म्हातारी झाली होती आणि पीक पूर्वीच्या पाव हिश्शालाही पोचत नव्हतं.

मी तिथे गेलो १९९६ला. एका निर्यातदार पेढीचा खरेदीदार म्हणून. नाम्पुला प्रांतात ऑक्टोबर ते जानेवारी काजूचा हंगाम. आपल्याकडे बी येते फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत. आपल्या कारखान्यांना स्वतःच्या देशातली बी वर्षभर पुरत नाही, आजही मोठा हिस्सा बाहेरून येतो. कोल्लमचे कारखाने गेली कित्येक दशकं आफ्रिकेच्या बीवर चालत आले आहेत. आपला हंगाम संपला की त्यांची बी जहाजाने येते, चूल विझत नाही. ती बी आणायला माझ्यासारखी माणसं तिकडे जात.

मी पोचलो तेव्हा तिथे मोठा वाद पेटला होता. कच्ची बी देशाबाहेर जाऊ नये म्हणून त्या सरकारने पूर्वीपासून निर्बंध आणि कर ठेवले होते. जागतिक बँकेने कर्ज देताना अट घातली, की हे निर्बंध काढा. बँकेचं म्हणणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. ते म्हणत, तुमचे कारखाने जुनाट आहेत, त्यांच्या यंत्रात गर फार फुटतो, आणि बी बाहेर जात नसल्याने कारखानदार शेतकऱ्याला पडत्या भावात लुटतात. दार उघडा, परदेशी गिऱ्हाईक येईल, शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतील, तो नवी झाडं लावेल. कागदावर यात काय चूक आहे सांगा? मीच तो परदेशी गिऱ्हाईक होतो.

आणि मी काय करत होतो ते ऐका. काजूची बी विकत घेताना तिचा आउटटर्न काढतात. ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल, तो आकडा. पोत्यातून एक किलो नमुना घ्यायचा, प्रत्येक बी मधोमध कापायची, चांगला गर, डागी, किडका, पोचट असे ढीग करायचे आणि तोलायचे. ४८ पौंड म्हणजे उत्तम माल, ४५च्या खाली आला की भाव पाडायचा. हे सगळं माझ्या हातात, माझ्या सुरीने, माझ्या तराजूवर. शेतकरी समोर उभा असे, पण ढिगाचा अर्थ त्याला कळत नसे. माझ्याआधी तो गावातल्या दुकानदाराला विकायचा, दुकानदार शहरातल्या व्यापाऱ्याला, आणि तो मला. प्रत्येक जण आपलं काढून घेई. वर आम्ही खरेदीदार थोडेच होतो आणि जवळजवळ सगळे भारतासाठीच घेत होतो. एकाच गिऱ्हाइकाला विकणाऱ्याला कसला आलाय भाव?

पुढे २००२मध्ये मार्गारेट मॅकमिलन, डॅनी रॉड्रिक आणि कॅरन वेल्च या अर्थतज्ज्ञांनी या प्रकरणाचा हिशोब मांडला. त्यांनी काढलेला आकडा असा, की एवढा सगळा खटाटोप होऊन काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या पदरात वर्षाला पाच डॉलरच्या थोडंसं वर पडलं. वर्षाला बरं का! आणि दुसऱ्या पारड्यात कारखाने. सुमारे दहा हजार कामगार तिथे होते. दोन हजार एक साल येईतो मोठे कारखाने बहुतेक सगळे बंद पडले.

त्यातला एक मी बंद होताना पाहिला. कारखान्याचं आणि गावाचं नाव कशाला सांगू. मी बी भरायला बंदरात गेलो होतो, वाटेत तो कारखाना लागायचा. फाटकाबाहेर बाया बसल्या होत्या, डोक्याला रंगीत फडकी, मांडीवर पोरं. फाटक उघडायची वाट बघत नव्हत्या, ते त्यांना आधीच कळलं होतं. राहिलेला पगार मागत होत्या. माझ्या ट्रकवर पोती होती. एकीने पोत्यावर हात मारून काहीतरी विचारलं. माझ्या ड्रायव्हरने पोर्तुगीजमधून मला सांगितलं, ती विचारतेय ही बी कुठे चालली. मी म्हटलं, इंडिया. ड्रायव्हरने तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. काजूच्या टरफलातल्या तेलाने तिच्या बोटांची कातडी सोललेली आणि काळी होती. तशी बोटं मी वेंगुर्ल्याला आणि कोल्लमला कितीदा पाहिली आहेत. तिचं काम कोल्लमच्या बाईकडे चाललं होतं, आणि ते नेणारा हमाल मी.

मला वाटायचं, चला, कोल्लमच्या बाईचं तरी भलं झालं. काही वर्षं झालंही. पण १९९०च्या आसपास जो व्हिएतनाम स्वतः कच्ची बी विकत होता, त्याने मधल्या काळात फोडणी शिकून घेतली. आधी हाताने, मग यंत्राने. २००६ला गर निर्यात करण्यात त्याने भारताला मागे टाकलं आणि तेव्हापासून तो पुढेच आहे. यंत्रं त्यांनी आपल्याच देशात बनवली. २०१५च्या पुढे कोल्लममध्ये कारखान्यांना कुलपं लागायला लागली. कर्ज थकलं, मजुरी परवडेना, बी महाग. तिथे कामावर जवळपास सगळ्या बायाच. म्हणजे मोझांबिकच्या बाईकडून आलेलं काम कोल्लमच्या बाईच्या हातूनही निघालं, आणि या वेळी ते दुसऱ्या बाईकडे न जाता यंत्राकडे गेलं.

आता मधेच एक सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल भाऊ नुसतं रडगाणं गातोय. मोझांबिकने पुढे कच्च्या बीच्या निर्यातीवर १८ टक्के कर बसवला. आणि नाम्पुलाकडे नवे कारखाने उभे राहिले, पण जुन्यासारखे अजस्र नव्हेत. वाफ द्यायची, आणि हातापायाने चालवायच्या कटरवर एकेक बी फोडायची, असे छोटे. त्यात गर अख्खा निघतो. पूर्वीइतकं वैभव आलं नाही, पण काही हजार माणसांना पुन्हा काम लागलं. टांझानियात वेगळंच झालं. २०१८ला व्यापाऱ्यांनी भाव पाडला म्हणून शेतकऱ्यांनी विकायला नकार दिला, आणि राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी चक्क सैन्य पाठवून बी खरेदी करायला लावली. किलोला ३३०० शिलिंग भाव जाहीर केला. ऐकायला फार छान. पण घेतलेल्या बीचं पुढे काय करायचं, कोण फोडणार, कोण विकत घेणार, याची सोय नव्हती. सैन्याला बी उचलता येते, विकता येत नाही.

आणि आता सगळ्यात मोठा खेळाडू आहे आयव्हरी कोस्ट. पश्चिम आफ्रिकेतला देश. तिथे उत्तरेच्या कोरड्या भागात १९६०च्या दशकात काजू लावला तो माती धरून ठेवायला, आपल्याकडे माळावर लावतात तसाच. आज त्याचं पीक दहा लाख टनांच्या घरात आहे. बहुतेक बी न फोडताच जहाजात चढते आणि व्हिएतनामला किंवा भारतात येते. तिथलं सरकार कारखाने वाढवायचा प्रयत्न करतं आहे, पण अजून मोठा हिस्सा कच्चाच जातो.

हे मी मोखाड्याच्या मेळाव्यात का सांगतोय? गावितपाड्याच्या आजीने मला मागच्या महिन्यात विचारलं, "आपल्या झाडाला बी तेवढीच आली, चोखी आली, मग बाजारात भाव का पडला रे? कोणी पाडला?" आजीला वाटत होतं आठवडी बाजारातल्या शेटनेच पाडला. थोडा त्याने पाडलाही असेल. पण आयव्हरी कोस्टचा हंगाम आपल्याच वेळी असतो, फेब्रुवारीपासून. मोझांबिकची बी आपल्या हंगामाच्या आधी यायची, हिची टक्कर थेट आपल्याशी आहे. तिकडे पीक जोरात आलं की मंगळूर-कोल्लमचा कारखानदार इकडे घाईने खरेदी करत नाही, कोकणातला व्यापारी हात आखडतो, आणि शनिवारच्या बाजारात शेट म्हणतो, आज घेत नाही, पुढच्या वेळी आण. आजीच्या झाडाचा त्यात काही दोष नाही. आणि आयव्हरी कोस्टच्या आजीचाही नाही. तीही तिच्या बाजारात असाच प्रश्न विचारत असेल.

आपल्याकडे वाडी कशी आली ते जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. मणिभाई देसाईंच्या बाएफने १९८२ला दक्षिण गुजरातेत वांसद्याला आदिवासी कुटुंबांच्या एकेक एकर पडीक जमिनीवर आंबा आणि काजूची वाडी लावायला सुरुवात केली. मधल्या जागेत धान्य-भाजी, बांधावर जळणाची झाडं. तिथून ती जव्हार-मोखाड्याला आली, आणि पुढे नाबार्डने तीच पद्धत देशभर नेली. वांसद्याच्या लोकांनी सहकारी संस्था काढून काजूगर आणि लोणचं स्वतःच्या नावाने विकलं, ते मी जाऊन पाहून आलो आहे. वाडीचा खरा फायदा काय झाला म्हणाल तर मला विचारल्यास, माणूस दिवाळीनंतर घरी राहिला. पोर शाळेत राहिलं. पैसे त्यानंतर.

पण कलम लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी दिसते, सातव्या-आठव्या वर्षी झाड भरात येतं, आणि मग वीस-पंचवीस वर्षं देतं. बाजार तीन महिन्यांत फिरतो. वेंगुर्ला-४ की वेंगुर्ला-७ हे आपण एकदाच ठरवतो, ते मुलगी सासरी जाऊन तिची पोरं मोठी होईपर्यंत उभं राहतं. मोझांबिकच्या शेतकऱ्यांनी दार उघडल्यावरही नवी झाडं का लावली नाहीत, याचं उत्तर यात आहे. त्यांना विश्वास नव्हता की आजचा कायदा पाच वर्षांनी राहील. मला तर वाटतं ते शहाणे होते.

आता संध्याकाळच्या बैठकीबद्दल. मुंबईच्या एका देणगीदारांनी आपल्याला स्वयंचलित फोडणी यंत्र द्यायची तयारी दाखवली आहे. मनापासून दिलेलं आहे, आणि नाही म्हणताना मला संकोच वाटतो. तरी मी नाही म्हणणार आहे. ते यंत्र दिवसभरात जेवढी बी मागतं तेवढी आपल्या सगळ्या पाड्यांवर मिळून काही दिवसांचीच आहे. मग उरलेलं वर्ष यंत्र रिकामं, किंवा त्याला पोसायला बाहेरची बी कर्जाने आणा. म्हणजे आपण व्हिएतनामशी त्याच्या अंगणात कुस्ती खेळणार. शिवाय यंत्र आलं की चौदातल्या दहा जणी घरी. कशासाठी मांडलं होतं मग हे सगळं?

त्या देणगीदारांना मी पत्र लिहिलं आहे, की यंत्राऐवजी गोदामाला पक्कं छप्पर, जमिनीपासून वर उचललेल्या फळ्या, आणि हातमोजे द्या. तेलाने बोटं जळतात, राख लावून किती दिवस चालवायचं? पायाने चालवायची कटर आपल्याकडे सहा आहेत, आणखी चार घ्यावीत. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

दुसरं, कर्ज काढून बी साठवायची नाही. हे मी माझ्यासाठीच म्हणतो आहे. गटाने आपल्या सभासदांच्या वाडीतलीच बी घ्यावी, निम्मी कच्चीच विकावी, हंगामात जो भाव असेल तो घ्यावा, आणि निम्मी फोडावी. चार-साडेचार किलो बीला एक किलो गर निघतो. टोपलीतली चार किलो बी व्यापाऱ्याच्या हाती गेली की तिच्यावरची मजुरी, प्रतवारी, पाकीट, सगळं तिच्यासोबत गेलं. ती मजुरी निम्म्या मालावर तरी आपल्या पाड्यात राहावी एवढीच माझी मागणी आहे. गर नाशिक-ठाण्याच्या ओळखीच्या घरांना आगाऊ नोंदणीवर द्यावा. गेल्या वर्षी जी काही थोडी पाकिटं अशी गेली, त्यांचे पैसे पूर्ण आले. सगळ्यात जास्त काजू खाणारा देश आपलाच आहे, गिऱ्हाईक शोधायला आपल्याला समुद्र ओलांडायची गरज नाही.

कार्यवाह म्हणतात, एवढ्याशा मालाने केंद्राचा खर्च निघणार नाही. त्यांचा हिशोब बरोबर आहे. पहिली दोन वर्षं संस्थेला पदरचे घालावे लागतील, आणि ते पैसे आरोग्य केंद्राच्या गाडीतून कमी होणार असतील तर मी स्वतः केंद्र बंद करा म्हणेन. यावर बैठकीत भांडू. मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

नागली-वरईची जमीन काढून कोणी काजू लावू नका, एवढं मात्र आत्ताच सांगतो. मागच्या वर्षी एका पाड्यावर हे झालं आहे. भाव पडला तर बी शिजवून पोट भरत नाही.

आणि शेवटचं. ज्या दिवशी माल भावाखाली गेला त्या रात्री मी गटाच्या बायांना मोझांबिकच्या फाटकाची गोष्ट सांगितली. आपल्याकडे अहो-जाहो नाही हे बरं आहे, त्यामुळे माणूस खरं विचारतो. एक जण म्हणाली, "मग तुझ्या त्या सुरीने आमची बी कापून दाखव ना. शेट काय बघतो ते आम्हालाही बघू दे." माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. सत्तावीस वर्षं ती सुरी मी गिऱ्हाइकाच्या बाजूने धरली होती. नंतरच्या शनिवारी चौघी जणी आपल्याच बीचा नमुना कापून, तोलून, आकडा कागदावर लिहून बाजारात घेऊन गेल्या. शेटने आधी हसून घेतलं. मग त्याने स्वतः कापून पाहिली. आकडा जुळला. त्या दिवशी त्याने पोत्यामागे भाव वाढवला का, तर थोडासा वाढवला. पण पोचट म्हणून जी कपात नेहमी करायचा, ती केली नाही.

माझी सुरी, एक किलोचं वजन आणि या वर्षीच्या तीन पाड्यांचे नमुने मागच्या टेबलावर ठेवले आहेत. चहा झाला की ज्यांना शिकायचं आहे त्यांनी तिकडे यावं. हाताला आधी खोबरेल लावा, वाटी तिथेच ठेवली आहे.